पहिली आज्ञावली आणि भास्कराचार्यांचे ६१

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटण हे ठिकाण आहे. तेथील देवळातील १२०७ सालचा शिलालेख एका आगळ्या कार्याची नोंद करतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला होता. त्या ग्रंथांपैकी 'बीजगणिता'त एक गणित आहे. एका संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा व १ मिळवा. येणारी संख्या पूर्ण वर्ग हवी. तर मूळची संख्या कोणती? (शून्य चालणार नाही.)

६१ ऐवजी ८ घेतले तर उत्तर सोपे आहे : ८ × १ + १ = ९, म्हणजे ३ चा वर्ग. ६१ चे उत्तर मात्र सहज सापडत नाही. हेच गणित आपण संगणकाला घालू. आपली पहिली आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, हीच!

आज्ञावली लिहिण्यासाठी 'एडिटर' लागतो. 'थॉनी' हा विनामूल्य एडिटर नवशिक्यांसाठीच बनवलेला असून 'पायथॉन' ही संगणकभाषा त्याच्याबरोबरच येते. प्रयोगवहीप्रमाणे या कामासाठीही एक वेगळा फोल्डर करा. थॉनीत नवी फाइल उघडून ती त्या फोल्डरात साठवा. फाइलच्या नावाशेवटी टिंब आणि 'पी-वाय' ही अक्षरे हवीत. प्रथम 'प्रिंट' ही आज्ञा वापरून एकच शब्द छापायला सांगा आणि एफ-५ ही कळ दाबा. खालच्या चौकटीत तो शब्द उमटला, की मांडणी बिनचूक आहे असे समजावे.

आता मुख्य काम. आज्ञा व अंक इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात. 'एन' म्हणजे गुणक. त्याची किंमत आधी ८ ठेवा. 'एक्स' व 'वाय' दोन्ही १ पासून सुरू करा. पुढील कृती 'व्हाइल' या आज्ञेने पुन्हा पुन्हा करवायची आहे :

१. एन × एक्स × एक्स + १ ही डावी बाजू आणि वाय × वाय ही उजवी बाजू काढा.
२. दोन्ही सारख्या असतील तर एक्स व वाय छापून थांबा.
३. डावी मोठी असेल तर वाय एकाने वाढवा.
४. उजवी मोठी असेल तर एक्स एकाने वाढवा.

पहिल्याच प्रयत्नात आज्ञावली चालली नाही, तर निराश होऊ नका. तांबड्या अक्षरांतील संदेशात चूक कोणत्या ओळीत आहे ते दिलेले असते. ती ओळ आणि तिच्या वरची ओळ तपासा. 'व्हाइल' किंवा 'इफ'च्या ओळीशेवटचे अपूर्णविरामचिन्ह विसरणे ही नेहमीची चूक. दुसरी चूक बरोबरच्या चिन्हाची. ते एकदा लिहिले तर 'ही किंमत ठेव' असा अर्थ होतो. 'दोन्ही सारखे आहेत का?' असे विचारायचे तर ते दोनदा लिहावे लागते. 'व्हाइल'च्या आतील ओळी थोड्या उजवीकडे सरकवून लिहाव्या लागतात. आणि वाढ करायचीच विसरलात, तर यंत्र त्याच जागी फिरत राहील! अशा वेळी थांबवण्याचे बटण दाबावे.

८ साठी १ व ३ आले का? आता गुणक ६७ करा. एक्स ५९६७ आणि वाय ४८८४२ ही उत्तरे क्षणात मिळतील. त्यांचा पडताळा वहीवर करून पाहा. मग ६१ घाला. गुणक तर लहान झाला! पण यंत्र बराच वेळ गप्प राहील. याला चूक समजू नका. उत्तर आहे एक्स = २२,६१,५३,९८० आणि वाय = १,७६,६३,१९,०४९. तेथे पोहोचायला आपल्या आज्ञावलीला १९९ कोटींहून अधिक वेळा वाढ करावी लागते.

भास्कराचार्यांनी काय केले? ६१ × १ + ३ = ६४, म्हणजे ८ चा वर्ग, येथून त्यांनी सुरुवात केली. हवा होता १, आले ३. ही जास्तीची संख्या बदलत बदलत १ वर आणण्याची 'चक्रवाल' रीत त्यांनी वापरली आणि मोजक्या पायऱ्यांत हेच उत्तर काढले. पुढे १६५७ मध्ये फ्रेंच गणिती फर्मा याने हेच ६१ चे कोडे इतर गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवले होते.

संगणक वेगाने मोजतो, पण कोणत्या वाटेने मोजायचे हे तो स्वतः ठरवत नाही. ते आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. तुमची फाइल जपून ठेवा. शिक्षकांकडून चक्रवाल रीत समजावून घ्या, त्याच फोल्डरात तिची दुसरी आज्ञावली लिहा आणि दोन्हींना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा.