७८ तासांची रांग

२०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३,५६,९६२ माणसं होती. समजा, अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलंय आणि दर चार माणसांमागे सात मीटर लांबीची एक कॅरॅव्हॅन मिळाली. झोपायला जागा, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आत. गाड्या लागतील सुमारे २३ लाख ३९ हजार. बंपरला बंपर टेकवून उभ्या केल्या तर रांग होईल १६,३७४ किलोमीटरची. श्रीनगर ते कन्याकुमारी हा महामार्ग सुमारे चार वेळा भरेल इतकी.

ही रांग बाहेर कुठून पडणार? दहिसर, मुलुंडचे दोन रस्ते, ऐरोली आणि वाशी. पाच नाके. प्रत्येक नाक्यावर जाणाऱ्या चार लेन धरू, प्रत्येक लेनमधून तासाला दीड हजार गाड्या. हा हिशोब फारच उदार आहे. रोज संध्याकाळी मुलुंड चेकनाक्यावर अडकणाऱ्याला तो पटणारही नाही. तरीही तासाला ३० हजार गाड्या होतात आणि रांग संपायला ७८ तास लागतात. कुठेही टायर पंक्चर न होता, कुणीही न थांबता. दक्षिण मुंबईतली ३० लाख माणसं यात धरलेलीच नाहीत.

‘निसर्ग’ वादळाने किती वेळ दिला होता? १ जून २०२०च्या पहाटे समुद्रात कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, म्हणजे डिप्रेशन, तयार झालं, २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. डिप्रेशनची बातमी येताक्षणी पहिली गाडी सुटली असती, तरी हातात होते ५५ तास. वादळ धडकताना जवळपास सात लाख गाड्या, म्हणजे २७-२८ लाख माणसं, नाक्यांच्या अलीकडेच असती. अनेक जण खाडीपुलांवर. ताशी ११० किलोमीटरचा वारा सात मीटर लांब आणि अडीच मीटर उंच गाडीच्या कुशीवर आडवा आला, तर तो साधारण एक टन जोराने ढकलतो.

आणि जे सुटले असते ते कुठे गेले असते? मला या सगळ्या गणितात हाच प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. सुरुवातीच्या अंदाजात वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्यामध्ये कुठेही येऊ शकत होतं. हा किनारा दोनशे किलोमीटरहून लांब आणि मुंबई त्याच्या मधोमध. कोकणातल्या गावी निघालेला माणूस थेट मुरुड-श्रीवर्धनच्या वादळात सापडला असता. घाट चढून पुण्याकडे गेलेल्याच्या मागोमाग वादळही आलं असतं, कारण किनारा ओलांडल्यावर ते त्याच बाजूला सरकलं. पुणे जिल्ह्यातही माणसं दगावली. मग दहिसरहून गुजरात? पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ला, ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून वर सरकलं आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं.

मोठ्या शहराने गाड्यांतून पळून पाहिलं आहे. सप्टेंबर २००५मध्ये ‘रीटा’ चक्रीवादळ येतंय म्हणून अमेरिकेतल्या ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकदम रस्त्यावर आली. रांगा दीडशे किलोमीटरच्या वर गेल्या. त्या पळापळीतच शंभरच्या आसपास माणसं गेली. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटली, त्यात २३ वृद्ध. आपल्याकडे त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काही जण बंद गाड्यांमध्येच गुदमरून गेले. ती आठवण उपनगरांनी विसरू नये.

गाडीपेक्षा लोकल कितीतरी मोठी. बारा डब्यांच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये साडेचार हजार माणसं धरली, तर अख्खं उपनगर सुमारे २,०८० फेऱ्यांत हलेल. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून एका दिवसात याहून जास्त फेऱ्या करतात! पण ‘तौक्ते’च्या दिवशी घाटकोपर-विक्रोळी दरम्यान झाड कोसळलं आणि लोकल रखडल्या. वारा सुटण्याआधी जेवढं होईल तेवढंच.

खरं स्थलांतर फार लहान अंतराचं असतं. मे २०१९मध्ये ‘फनी’ चक्रीवादळाच्या आधी ओडिशाने बारा लाखांवर माणसं हलवली, तीही दूरच्या शहरात नव्हे, जवळच्या पक्क्या निवाऱ्यांत आणि शाळांत. १९९९च्या महाचक्रीवादळाने तिथे सुमारे दहा हजार बळी घेतले होते. ‘फनी’त मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मढ, गोराई, वर्सोव्याच्या कोळीवाड्यांना हेच हवं : चालत गाठता येईल अशी पक्की इमारत, आणि ती कोणती हे मे महिन्यातच माहीत असणं. घाटकोपर, भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांना मात्र वर नव्हे, खाली उतरून पक्क्या जागी यावं लागेल. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली, ती डोंगरउतारावरच राहत होती.

‘तौक्ते’च्या आधी महापालिकेने दहिसर, मुलुंड आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या मंडपांच्या कोविड केंद्रांतून ५८० रुग्ण पक्क्या रुग्णालयांत हलवले. वादळाच्या दिवशी मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत आले. तोवर सगळे पक्क्या छपराखाली होते, आणि त्यासाठी त्यांना शहराबाहेर जावं लागलं नव्हतं.