मामांच्या गालावरचा निळा तीळ

आमच्या हॉस्टेलचे वॉचमन मामा रिटायर होणार होते. सेंड-ऑफ शनिवारी. पोरांनी ठरवलं, मामांचा फोटो सायनोटाइपने हाताने छापून द्यायचा. काम माझ्याकडे आलं, कारण केमिकल्स माझ्याकडे होती. पहिला प्रिंट धुतला आणि बघतो तर काय, मामांच्या गालावर गडद निळे ठिपके! दुसऱ्यातही तेच. चांगले कागद उरले तीन.

मित्रांनो, सायनोटाइप म्हणजे १८४२ साली जॉन हर्शेलने शोधलेली पद्धत. ड्रॉइंगच्या जुन्या ब्लूप्रिंट याच तत्त्वावर निघत. २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही वेगवेगळं १०० मिली द्रावणात. वापरताना समसमान मिसळून अंधुक उजेडात कागदावर ब्रशने लावायचं, सुकवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिकचं फेरस होतं आणि त्यातून प्रशियन ब्लू तयार होतो. बाकीचं पाण्यात धुऊन जातं. (हातात ग्लोव्हज हवेत, मेसची भांडी वापरायची नाहीत आणि यात ॲसिड ओतायचं नाही!)

आता ठिपके. आधी जागा बघा. प्रत्येक प्रिंटवर ठिपका त्याच जागी येत असेल तर दोष निगेटिव्हचा किंवा काचेचा. जागा बदलत असेल तर कागद, कोटिंग किंवा धुणं तपासा. मग रंग बघा. पांढरा गोल ठिपका बहुधा बुडबुड्याचा किंवा धुळीचा. फिकट, पिवळट डाग असेल तर साबण किंवा सोडा लागलेला असतो, कारण अल्कलीमध्ये हा निळा टिकत नाही.

माझे ठिपके गडद, जागा बदलणारे, काहींना शेपूट फुटलेलं. रूममेट टेबलावर बसून फरसाण खातो, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडलं. दोन दिवस अबोला! मग म्हटलं, भांडण्यापेक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू. रद्दी कागदाच्या पट्ट्यांवर कोटिंग केलं, ऊन न दाखवताच धुतलं. तरी ठिपके! म्हणजे ऊन आणि निगेटिव्ह दोघेही सुटले. ब्रश बदलला, तरी तेच. शेजारच्या रूममध्ये कोटिंग केलं, पट्टी स्वच्छ! म्हणजे गडबड आमच्याच रूममध्ये. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून टेबलावरून फिरवला, तर त्याला काळी मिशी आली. लोखंडाचा कीस!

टेबलावरच्या खिळ्याला माझाच वर्कशॉपचा ॲप्रन लटकत होता. आठवडाभर फिटिंग शॉपमध्ये एमएसचा जॉब घासत होतो ना! ओल्या कोटिंगमध्ये लोखंडाच्या कणातून फेरस आयन सुटतात, फेरिसायनाइड त्यांना जागच्या जागी निळं करतं. ऊन लागतच नाही. केमिस्ट्रीत गंज ओळखायची फेरॉक्सिल टेस्ट आपण शिकलो, ती हीच. पेपरात लिहिली होती, ओळखता मात्र आली नाही.

पांढरा ठिपका निळ्या वॉटरकलरने झाकता येतो. निळा ठिपका सोड्याने घालवायला गेलात तर पिवळट डाग राहतो. म्हणून आधीच काळजी घ्या. ॲप्रन खोलीबाहेर, टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं, कागद सुकवायचा तो बंद कपाटात.

तिसऱ्या कागदावर मामा स्वच्छ आले. शनिवारी फोटो हातात घेऊन ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

रूममेटला सॉरी म्हटलंय. त्याचा चहा मात्र अजून बाकी आहे.