मासा आजारी पडला, तर आधी पाणी पाहा

हिवाळ्यात आमच्या फिशटँकमधल्या गोल्डफिशच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उमटले. मासे दगडांवर अंग घासू लागले. लेक रडवेली झाली. घाबरून आम्ही सगळे पाणी ओतून दिले आणि नळाचे ताजे पाणी भरले. सकाळी तिघांपैकी दोघे मेलेले! रोगाआधी आमच्या घाईनेच त्यांचा जीव घेतला. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते.

उरलेल्या एकासाठी आम्ही हा रोग समजून घेतला. ठिपका म्हणजे कातडीखाली शिरलेला सूक्ष्म परजीवी. तिथे त्याला औषध लागत नाही. तो पाण्यात सुटतो, त्याची पिल्ले नवा मासा शोधतात, तेव्हाच ती मरतात. म्हणून ठिपके गेले तरी आठवडाभर उपचार चालू ठेवावेत.

१० लिटर पाण्याला २ ते ३ चहाचे चमचे खडे मीठ विरघळवून दिवसभरात थोडे थोडे घालावे. पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांवर न्यावे, म्हणजे परजीवी लवकर सुटतात. हवेचा पंप मात्र बंद करू नये. रोज पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवलेले असावे आणि त्यातही त्याच प्रमाणात मीठ असावे.

मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर औषध नको. खाणे थांबवा, थोडे पाणी बदला.

नवा मासा आणला, की ३ आठवडे वेगळा ठेवा. आमचा तिसरा मासा वाचला. आता बादली भरून ठेवण्याचे काम लेकीकडे आहे.