विश्लेषण : तिबेटची कुरणे कोण उजाड करतो?

पायका हा बिळात राहणारा, सशाचा छोटा नातलग. तिबेटच्या पठारावर याक-मेंढ्यांचा चारा खाऊन तो कुरणे उजाड करतो, असे मानून चीनने १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर विषप्रयोग केले.

दोष कोणाचा?
आखूड गवतात शिकारी दुरून दिसतो, म्हणून पायकाला तेच मानवते. अतिचराईने गवत खुरटले की त्याची संख्या वाढते. म्हणजे अनेकदा तो रोग नसून लक्षण असतो.

तो संपला तर?
त्याच्या बिळांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते, त्यांत पक्षी घरटी करतात. खोकड, ससाणे त्याच्यावर जगतात. शिवाय विषातून वाचलेले पायका झपाट्याने वाढतात. चराई आवरली नाही, तर विष वाया जाते.