सॅमन, ट्राउट आणि आपले वलगणीचे मासे

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी पडल्या की वांगणी, शेलू, बदलापूर या पट्ट्यातील ओढे वाहू लागतात. माथेरान-चंदेरीच्या डोंगररांगेवरून उतरणारे गढूळ पाणी भातखाचरांतून व मोऱ्यांखालून उल्हास नदीला मिळते. त्याच पाण्याच्या उलट दिशेने नदीतील मासे ओढ्यांत आणि ओढ्यांतून खाचरांत चढतात. यालाच आपण वलगण किंवा माशांची चढण म्हणतो. कातकरी, ठाकर, आगरी, कुणबी अशा सर्वच घरांत या दिवसांची वाट पाहिली जाते. मात्र पूर्वीसारखी वलगण आता होत नाही, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते.

पाण्याच्या उलट चढणाऱ्या माशांमध्ये जगात सर्वाधिक प्रसिद्ध मासा म्हणजे सॅमन. स्कॉटलंडमध्ये या माशाची मासेमारी मोठ्या जमीनदारी मिळकतींवर, म्हणजे इस्टेटींवर, दीडशेहून अधिक वर्षे कायद्याने बांधलेल्या शिस्तीने चालते. तो देश थंड आणि आपला उष्ण. तेथे मासा हौसेसाठी धरतात, आपण पोटासाठी धरतो. तरीही चढणारा मासा कसा टिकवावा, याबाबत तेथून घेण्यासारखे बरेच आहे.

सॅमनचा जीवनक्रम

बाजारात रावस हा मासा 'इंडियन सॅमन' या नावाने विकला जातो. परंतु रावस व खरा सॅमन यांचा काहीही संबंध नाही. ती दोन वेगळी कुळे आहेत. अटलांटिक सॅमनचा जन्म नदीच्या उगमाकडील थंड, वाहत्या पाण्यात होतो. मादी शेपटीने तळाची वाळू-खडी उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी ओढते. हे काम सर्वसाधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते. पाणी अतिशय थंड असल्याने अंडी फुटण्यास काही महिने लागतात. पिल्ले दोन-तीन वर्षे नदीतच वाढतात. नंतर त्यांचा रंग चंदेरी होतो व ती समुद्रात जातात. तेथे ग्रीनलँडपर्यंतच्या पाण्यात चरून, एक ते तीन वर्षांनी ती बहुधा आपल्या जन्मनदीतच परततात. परतताना दोन-तीन मीटर उंचीचे धबधबेही हा मासा उड्या मारून पार करतो. विशेष म्हणजे नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. साठवलेल्या चरबीवरच तो चढतो आणि वीण करतो.

ट्राउट हा सॅमनचा जवळचा नातेवाईक होय. तपकिरी ट्राउट जन्मभर नदीत किंवा तळ्यात राहतो. त्याच जातीचे काही मासे समुद्रात जाऊन परततात. त्यांना सी ट्राउट म्हणतात. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडमधून ट्राउटची अंडी काश्मिरात आणली गेली व तेथील थंड प्रवाहांत हा मासा चांगला रुजला. निलगिरीतही तो सोडण्यात आला. साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर पाणी गेल्यास ट्राउटला ते मानवत नाही. त्यामुळे ठाणे-रायगडच्या शेततळ्यांत ट्राउट पाळण्याचा विचार कोणी करू नये.

इस्टेटीवरील मासेमारीची शिस्त

स्कॉटलंडमध्ये सॅमन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी अशी मालमत्ता आहे. काठ एकाचा व मासेमारीचा हक्क दुसऱ्याचा, असेही असू शकते. टे, ट्वीड, डी, स्पे या प्रसिद्ध नद्यांचे काठ तुकड्यांत वाटलेले आहेत. अशा तुकड्यास 'बीट' म्हणतात. पाहुणे पैसे भरून दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीने एखादा बीट घेतात. सोबत इस्टेटीचा जाणकार नोकर असतो. त्याला 'गिली' म्हणतात. कोणत्या डोहात मासा थांबतो, पाणी किती चढल्यावर तो हलतो, हे त्यास ठाऊक असते. पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातून व गिलीच्या मजुरीतून दुर्गम खेड्यांना रोजगार मिळतो. नदीत मासा असेल तरच हे उत्पन्न येते, म्हणून मासा राखण्यात सर्वांचे हित असते.

तेथील नियमांत पुढील बाबी महत्त्वाच्या आहेत.

१) बंद हंगाम : प्रत्येक नदीवर वर्षातून किमान १६८ दिवस सॅमनची मासेमारी बंद असते. विणीचा काळ या बंद काळात येतो. टे नदीचा हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर असा आहे. तपकिरी ट्राउटची मासेमारी ७ ऑक्टोबर ते १४ मार्च बंद असते.

२) आठवड्याची सुटी : रविवारी सॅमनला गळ टाकता येत नाही. जाळ्यांसाठी ही बंदी शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत असते. त्यामुळे दर आठवड्यास काही मासे बिनधोक वर जातात.

३) धरून सोडणे : २०१६ पासून प्रत्येक नदीतील माशांच्या स्थितीनुसार तिची प्रतवारी केली जाते. ज्या नदीची स्थिती नाजूक, तेथे धरलेला प्रत्येक सॅमन जिवंत सोडावा लागतो. इतर नद्यांवरही बहुतेक हौशी लोक मासा सोडूनच देतात. आज गळाला लागलेल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक सॅमन परत नदीत जातात.

४) विक्रीस बंदी : गळाने धरलेला सॅमन विकण्यास २००२ च्या नियमांनी मनाई करण्यात आली.

५) माशांची वाट : पिटलॉक्री येथे टमेल नदीवर १९५० च्या सुमारास विजेसाठी धरण बांधले गेले. धरणासोबतच माशांसाठी पायऱ्यांचा जिना बांधण्यात आला. त्यात ३४ हौद असून लांबी सुमारे ३१० मीटर आहे. मासे एकेक हौद चढत धरण ओलांडतात.

एवढी काळजी घेऊनही सॅमन घटत आहे. २०१० साली स्कॉटलंडमध्ये गळाला सुमारे १ लाख १० हजार सॅमन लागले होते. २०२३ साली हा आकडा साडेबत्तीस हजारांच्या आसपास आला. १९५२ पासून ठेवलेल्या नोंदींतील तो नीचांक होता. समुद्रातील बदल, नद्यांचे तापणारे पाणी, प्रवाहातील अडथळे, तसेच समुद्रातील पिंजऱ्यांत पाळलेल्या सॅमनवरील उवांचा उपद्रव अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. तात्पर्य, जेथे नियम आहेत तेथेही मासा अडचणीत आहे. मग जेथे चढणीच्या माशास कोणीच वाली नाही, तेथे त्याचे काय होईल, याचा विचार व्हावयास हवा.

आपली वलगण : साम्य आणि फरक

आपले खवली, मळे, शिंगटी, शिवडा, मुरी हे मासे समुद्रातून येत नाहीत. उन्हाळ्यात ते नदीच्या डोहांत तग धरून असतात. पहिल्या पावसाने पाण्याचे तापमान उतरते, पाणी गढूळ होते व पातळी वाढते. ही खूण मिळताच अंड्यांनी भरलेल्या माद्या व नर उथळ, नव्याने भिजलेल्या जमिनीकडे निघतात. तेथे पिल्लांना सूक्ष्म जीवांचे भरपूर खाद्य मिळते आणि नदीतील मोठ्या माशांपासून आसरा मिळतो. भातखाचर हे या माशांचे बाळंतघर आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

सॅमनशी तुलना करता मुख्य फरक वेळेचा आहे. सॅमनची अंडी महिनोन् महिने खडीत राहतात. याउलट रोहू-कटल्यासारख्या आपल्या उष्ण पाण्यातील माशांची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. अंड्यांची संख्याही मोठी असते. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोस दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. म्हणजे आपली सारी वीण पावसाच्या सुरुवातीच्या काही दिवसांत उरकते. सॅमनला वर्षातून १६८ दिवस संरक्षण द्यावे लागते. आपल्या माशाला नेमके पहिले काही दिवस मिळाले, तरी फार मोठा लाभ होतो. दुर्दैवाने नेमक्या त्याच दिवसांत आपण सर्वाधिक मासे धरतो. पोटात अंडी असलेली एक मादी पागात आली, तर एका जेवणासाठी आपण हजारो पिल्ले गमावतो.

चढण अडते कशामुळे?

केवळ पाग किंवा गळ यामुळे मासा संपत नाही. त्याची वाट बंद होणे हे मोठे कारण आहे. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर समुद्रातून अलाहाबादपर्यंत चढणारा हिल्सा वरच्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे अडथळे लहान आहेत, पण संख्येने अनेक आहेत. ओढ्यावर रस्ता करताना टाकलेल्या पाइपचे खालचे तोंड पाण्यापासून अधांतरी राहते. फार्महाऊसच्या कुंपणाच्या भिंती ओढ्यात उतरतात. प्लॉट पाडताना ओहोळ भरावाखाली जातात. याखेरीज सांडपाणी, जलपर्णी व कीटकनाशके यांचाही परिणाम होतो.

उल्हासच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील पाणी वीजनिर्मितीनंतर उल्हासच्या खोऱ्यात सुटते, त्यामुळे कोकणातील अनेक नद्या कोरड्या पडतात त्या दिवसांतही उल्हासला पाणी असते. वीण करणारा मासा उन्हाळा काढू शकेल असे डोह आपल्याकडे आहेत. प्रश्न आहे तो डोहापासून खाचरापर्यंतच्या वाटेचा.

मासे राखण्याची परंपराही आपल्याला परकी नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड येथे देवीच्या श्रद्धेने डोहातील महसीर मासे कोणी धरत नाही. उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. लोणावळ्यास वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम वीण करून बीज तयार करण्याचे काम केले.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) पहिली चढण सोडावी. गावाने एकत्र बसून पहिल्या मोठ्या पावसानंतरचे तीन-चार दिवस मासे न धरण्याचे ठरवावे. वीण झाल्यावर पाणी ओसरताना उतरणारे मासे धरण्यास हरकत नाही.

२) ओढ्याची पूर्ण रुंदी अडवू नये. सापळा किंवा जाळे लावताना किमान एक तृतीयांश प्रवाह मोकळा ठेवावा.

३) पोट फुगलेली मादी जिवंत असल्यास ओल्या हातांनी धरून, न फेकता पाण्यात सोडावी. कोरड्या हातांनी अंगावरील बुळबुळीत थर निघतो व मासा पुढे रोगाने मरतो.

४) वनराई बंधारे पावसापूर्वी मोकळे करावेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेवर काढाव्यात. गाळ साचत नाही आणि माशांनाही वाट मिळते.

५) पाइपचे तोंड अधांतरी असल्यास त्याखाली दगडांचा उतार रचून पाणी पाइपच्या पातळीपर्यंत आणावे. एवढ्याने लहान मासेही वर चढतात.

६) भातावर फवारणी केल्यानंतर किंवा दाणेदार कीटकनाशक टाकल्यानंतर चार-पाच दिवस खाचरातील पाणी बाहेर सोडू नये. जोराच्या पावसाचा अंदाज असल्यास फवारणी पुढे ढकलावी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत घातक असतात. फवारणी पंप ओढ्यात धुऊ नयेत.

७) खतासाठी युरिया-डीएपी ब्रिकेटचा वापर करावा. चिखलात खोचलेले खत पाण्याबरोबर कमी वाहून जाते. पिकास त्याचा फायदा होतो आणि नदीतील जलपर्णीस खतपाणी कमी मिळते.

८) ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक किंवा सुरुंग वापरून मासे मारू नयेत. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानुसार पाण्यात विष किंवा स्फोटके वापरणे हा गुन्हा आहे. अशा पाण्यात पिल्ले व अंडीही मरतात आणि तेच पाणी खालच्या गावाची गुरे पितात.

९) शेततळ्यात बंदी असलेला आफ्रिकन मांगूर सोडू नये. पुरात तळे फुटल्यास हा खादाड मासा नदीत जातो व स्थानिक जाती फस्त करतो.

१०) गावाजवळचा एक डोह मार्च ते मे या काळात राखीव ठेवावा. मत्स्यपालनविषयक सल्ल्यासाठी विद्यापीठाच्या शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालयाशी संपर्क साधता येईल.

शेतकरी बंधूंनो, स्कॉटलंडच्या इस्टेटींवर नदीचा मालक ठरलेला असतो, म्हणून राखण करणारा माणूसही ठरलेला असतो. आपला ओढा सर्वांचा आहे, म्हणून त्याची राखण सर्वांनी मिळूनच करावी लागेल. तेथील जिने, गिली किंवा पाहुण्यांची हौस आपल्याला परवडणारी नाही, आणि तिची गरजही नाही. माशाला त्याची वाट आणि विणीचे चार दिवस मिळाले पाहिजेत. या दोन गोष्टी देण्यास एक पैसाही लागत नाही. येत्या मृगापूर्वी आपल्या शेताच्या बांधाशी असलेला ओढा एकदा खालपासून वरपर्यंत चालून पाहावा, मासा कोठे अडेल ती जागा हेरावी आणि पाऊस पडण्याआधी ती मोकळी करावी.