ऑईलचा चहा झाला तेव्हा!

स्वयंपाकघरात काही बिघडलं तर आपल्याला ते रंगावरून कळतं, वासावरून कळतं. दूध नासलंय की नाही हे सांगायला आपण बाहेरून कुणाला बोलावत नाही. पण दारातल्या गाडीचा विषय निघाला, की आपण पदर झटकून मोकळ्या. "ते ह्यांचं खातं!" मीही त्यातलीच. मात्र २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या गाडीनं मला असा धडा शिकवला, की तो मैत्रिणींना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही कोल्हापूरचे, माझं माहेर रत्नागिरी. मे महिन्यात मुलांना घेऊन आठ दिवस माहेरी राहून परत निघालो. आंबा घाट चढत होतो. पुढे उसासे टाकत चाललेला ट्रक, मागे एसटी, वर रणरणतं ऊन. शेजारी बसल्या बसल्या माझं लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेलं. एरवी मध्यावर असणारा काटा लाल रेघेला टेकत आला होता. "अहो, जरा थांबवता का?" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण घाटात ह्यांना मध्ये बोललेलं खपत नाही. "तुला काय कळतंय गाडीतलं?" हे मुलांदेखत ऐकून घेण्यापेक्षा मी गप्प बसले. घाट संपता संपता बॉनेटमधून वाफा आल्या, तेव्हा कुठे गाडी थांबली. बऱ्याच वेळानं ती निवल्यावर बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि कसंबसं घर गाठलं.

पुढच्या पंधरा दिवसांत ह्यांनी दोनदा पाणी घातलं. तेही आमच्या बोअरचं. "उन्हाळा आहे, आटायचंच," म्हणाले. मला काही ते पटेना. खाली फरशीवर एक थेंब नाही, मग पाणी जातंय कुठं? पण तेव्हाही बोलले नाही.

एके दिवशी सकाळी हे मिरजेला गेले होते आणि मला सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचं होतं. गाडी शिकवणाऱ्या सरांनी एक सवय लावली होती. आठवड्यातून एकदा, इंजिन गार असताना ऑईलची पट्टी काढून बघायची. मी पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि बघतच राहिले. ऑईल नवं असलं की मधासारखं दिसतं, जुनं झालं की काळपट. पण हे तर दूध जास्त झालेल्या चहासारखं! आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर. ऑईल कमी झालेलं ऐकलं होतं, आपोआप वाढतं कसं? वरचं झाकण उघडलं, तर त्याला आतून लोण्यासारखा पिवळट गोळा.

"चल गं, नंबर जाईल," सासूबाई दारात उभ्या. "इथं तर जायचंय, दोन किलोमीटर." किल्ली माझ्या हातात होती. क्षणभर वाटलं, जाऊन येऊ, संध्याकाळी ह्यांना सांगू. मग घाटातला तो काटा आठवला. म्हटलं, एकदा गप्प बसले, आता नाही. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि रिक्षा बोलावली. पुढे कळलं, की त्या रिक्षाच्या भाड्यात आमचं इंजिन वाचलं होतं.

पाणी ऑईलमध्ये गेलंच कसं, हे कुकर वापरणाऱ्या बाईला पटकन समजेल. इंजिनाचे मुख्य भाग दोन. खालचा ब्लॉक आणि वरचं हेड. दोन्हींमधून ऑईलच्या आणि पाण्याच्या वेगवेगळ्या वाटा जातात. मधे बसते हेड गॅस्केट, म्हणजे आपल्या कुकरची रिंगच म्हणा ना. ती या वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवते. गाडी फार तापली, की अॅल्युमिनियमचं हेड किंचित वाकतं, गॅस्केट दबलेलं राहत नाही आणि वाट फुटते. गंमत म्हणजे गाडी बंद केल्यावर ऑईलचा दाब लगेच जातो, पण तापलेल्या पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो. म्हणून पाणी झिरपतं ते बहुधा गाडी उभी असताना. मग गाडी चालू झाली, की ऑईल आणि पाणी ताकासारखं घुसळून निघतं. अशा ऑईलला वंगणाचा गुण राहत नाही. आतले बेअरिंग घासायला लागतात. कूलंटमधलं ग्लायकॉल तर त्यांना फारच वाईट. म्हणून असं ऑईल दिसलं, की गाडी एकदासुद्धा चालू करू नये.

घराजवळच्या गॅरेजमधून एक जण आला. पट्टी बघितली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "वहिनी, इंजिन गेलं. जुनं इंजिन मिळवून बसवतो. सत्तर हजार." माझ्या पोटात गोळा आला. मुलीच्या क्लासची फी भरायला ठेवलेले पैसे डोळ्यांपुढे आले. मी धीर करून विचारलं, "कशावरून?" त्याला काही धड सांगता येईना. बायांनो, हा एक शब्द विसरू नका. कशावरून?

मग ह्यांच्या ओळखीनं शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी ओढून नेली. त्यांचा पहिला प्रश्न, "चालू केली न्हाईसा न्हवं? ब्येस केलंसा." मग त्यांनी एकेक तपासणी केली, अगदी माझ्यासमोर. रात्रभर उभ्या गाडीच्या चेंबरचा बोल्ट हळूच सैल केला, तर आधी पाणीच आलं. पाणी जड, ते तळाशी बसतं. पुढे रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून दाब दिला. बाहेर कुठंही गळती नाही, तरी पंपाचा काटा उतरत गेला. म्हणजे गळती आतच. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का तेही बघितलं. ते कोरडे होते.

ते म्हणाले, "डिझेल गाडी असती, तर मी आधी ऑईल कूलर बघितला असता." पुष्कळ गाड्यांत ऑईल गार करायला हा छोटा भाग असतो, त्यात एका बाजूनं ऑईल आणि दुसऱ्या बाजूनं पाणी खेळतं. तो आतून फुटला, तरी ऑईलचा असाच चहा होतो. पण तो बदलणं हेड उतरवण्यापेक्षा बहुधा पुष्कळ स्वस्त पडतं. आमच्या गाडीला तो नव्हताच.

हेड उतरवलं तेव्हा मी मुद्दाम गेले. दोन वाटांच्या मधे गॅस्केट करपून फाटलेलं दिसत होतं. मिस्त्रींनी हेडवर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून पातळ पाती सरकवून फट मोजली. ०.१५ मिलिमीटर. आपल्याला ती दिसणारही नाही, पण साधारण ०.०५ च्या वर फट असली की हेड घासून सपाट करावं लागतं. शेजारच्या मशीनवर दाब देऊन हेडला तडा नाही याचीही खात्री केली. तडा असता, तर खर्च कितीतरी वाढला असता. चेंबर उघडून एक बेअरिंग काढून बघितलं. ते शाबूत होतं!

जोडणीही मी बघितली. गॅस्केट नवं. हेडचे बोल्टही नवे, कारण अशा गाड्यांचे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, ते पुन्हा वापरत नाहीत. बोल्टची भोकं कोरडी केली आणि मापाच्या पान्यानं मधून कडेला, टप्प्याटप्प्यानं बोल्ट आवळले. मग नवं ऑईल आणि फिल्टर घालून गाडी थोडा वेळ चालवली, ते ऑईल ओतून दिलं आणि पुन्हा नवं भरलं. भांड्याला चिकटलेलं पीठ एका पाण्यानं कुठं निघतं?

पण मुळात गाडी तापली का? मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून दाखवला. गिझरच्या कॉईलला बसतो तसला पांढरा थर, आणि झडप अर्धवट अडकलेली. आमच्या बोअरच्या पाण्याचा प्रताप! थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, कूलंट भरलं. हे कारण शोधलं नसतं, तर नवं गॅस्केटही पुढच्या घाटात गेलं असतं. सगळं बिल २१ हजार झालं. थोडं नव्हे, पण सत्तर हजार नव्हे. मुलीची फी वेळेवर भरली.

त्या रात्री हे म्हणाले, "घाटातच बोलायचं होतंस की." मी म्हटलं, "बोलले असते, तर थांबला असतात?" हे काहीच बोलले नाहीत. पण दिवाळीत माहेरी जाताना घाट लागला, तसे आपणहून म्हणाले, "काट्यावर लक्ष ठेव गं." माझ्या दृष्टीनं हीच खरी दुरुस्ती.

मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा:

१. आठवड्यातून एकदा, गार इंजिनाची ऑईलपट्टी आणि कूलंटच्या डब्याची पातळी बघा. कूलंट सारखं कमी होत असेल आणि बाहेर गळत नसेल, तर ते आत कुठंतरी जातंय.

२. पट्टीवर ऑईल चहाच्या रंगाचं दिसलं, किंवा पातळी आपोआप वाढली, तर गाडी चालू करू नका. ओढून न्यायला सांगा.

३. फक्त झाकणाला थोडा पिवळट फेस असेल, पट्टी स्वच्छ असेल आणि कूलंट जिथल्या तिथं असेल, तर घाबरू नका. पावसाळ्या-थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओल धरते. एखादी लांबची फेरी करा आणि पुन्हा बघा.

४. काटा लाल रेघेकडे गेला, की जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

५. इंजिन उघडण्याआधी विचारा: दाब देऊन बघितलं का? ऑईल कूलर आहे का, आणि तो तपासला का? काम झाल्यावर विचारा: गाडी तापली कशानं?

६. गळती बंद करणारं औषध बाटलीतून ओतून हे दुखणं बरं होईल, या भरवशावर राहू नका.

७. गाडीत बोअरचं पाणी नको. कंपनीनं सांगितलेलं कूलंट, आणि लागलंच तर डिस्टिल्ड वॉटर.

आणि आठवं, माझ्या पदरचं. काटा चढताना दिसला, तर मुलांदेखत, सासूबाईंदेखत, कुणादेखतही सांगा. चारचौघांत एक वाक्य ऐकून घ्यावं लागलं, तरी ते २१ हजारांपेक्षा स्वस्तच पडतं!