गोल्फ खेळणारास भेट काय द्यावी?

दिवाळी, वाढदिवस, सेवानिवृत्ति किंवा परदेशाहून सुटीवर येणारा जांवई, असा कांहीं प्रसंग आला म्हणजे घरांतील गोल्फ खेळणाऱ्या एका माणसास त्याच्या आवडीचें कांहींतरी द्यावें, असें घरांतील न खेळणाऱ्या दहा माणसांच्या मनांत येतें. हेतु उत्तम, पण या खेळाच्या साहित्याचीं दुकानें व सूचिपत्रें पाहूं लागलें म्हणजे शहाण्या माणसाचीही मति कुंठित होते. एकेका काठीची किंमत ऐकून आमच्या पिढीच्या माणसास तर आपण सराफाच्या दुकानांत शिरलों कीं काय, असें वाटतें. आम्हीं स्वतः गोल्फची काठी कधीं हातांत धरली नाहीं. परंतु आमचा एक पुतण्या या खेळाचा निस्सीम भक्त आहे, व सकाळचें फिरणें आम्ही बहुधा त्याच्यासंगें मैदानावरच करतों. त्यामुळें पाहणाराचें म्हणून जें ज्ञान असतें तें आमच्यापाशीं बरेंच सांचलें आहे. भेट देणारा हाही पाहणाराच असतो. म्हणून त्या ज्ञानाचा येथें विनियोग करीत आहों.

प्रथम शब्दांचा खुलासा. इंग्रजींत या खेळाच्या काठीसही क्लब म्हणतात आणि जेथें खेळावयाचें त्या संस्थेसही क्लबच म्हणतात. घोटाळा नको म्हणून काठीस आम्ही काठीच म्हणूं. हा खेळ केवळ साहेबलोकांचा, ही समजूतही आतां सोडलेली बरी. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब इ. स. १८२९ मध्यें स्थापन झाला व ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना मानला जातो, हें खरें. पण अनिर्बन लाहिरी यांचा जन्म पुण्याचा, १९८७ सालचा. २०२१ सालीं भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत ते व पुण्याचे उदयन माने असे दोघे भारतातर्फे खेळले, आणि स्त्रियांत बंगळूरच्या अदिति अशोक चवथ्या आल्या. हातातोंडाशीं आलेलें पदक थोडक्यांत हुकलें.

भेट म्हटली कीं पहिल्यानें काठ्यांचा संच डोळ्यांपुढें येतो. आमचें स्पष्ट मत असें कीं, खेळणारास विचारल्यावांचून काठी कधींही देऊं नये, मग ती कितीही नामांकित कारखान्याची असो. काठी ही चष्म्याच्या जातीची वस्तु आहे, घड्याळाच्या जातीची नव्हे. सोन्याच्या काड्यांचा चष्माही दुसऱ्याच्या नंबराचा असेल तर काय कामाचा? काठीची लांबी खेळणाराच्या उंचीवर, व तो ताठ उभा राहिला असतां त्याचें मनगट जमिनीपासून किती वर येतें, त्यावर ठरते. काठीचें डोकें दांड्याशीं जो कोन करतें तोही माणसागणिक बदलावा लागतो. कोन चुकला म्हणजे सरळ मारलेला चेंडूही डावीउजवीकडे जातो. दांडा किती लवावा हें दाखविण्यास एल, ए, आर, एस, एक्स अशीं अक्षरें असतात. त्यांत एल सर्वांत लवचिक व एक्स सर्वांत ताठ. ज्याचा फटका मंद त्याच्या हातीं ताठ दांडा दिला तर चेंडू हवेंत नीट चढतच नाहीं. मुठीची जाडी निराळीच पाहावी लागते. खेळणारा डावखुरा असला तर सारा संचच उलटा! यावर आणखी नियम असा कीं, पिशवींत १४ हून अधिक काठ्या घेऊन खेळतां येत नाहीं. हा निर्बंध अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें पुढल्याच वर्षीं आला. ज्याच्याजवळ चौदा आहेत त्यास पंधरावी देणें म्हणजे एका जुन्या सोबतिणीस घराबाहेर काढ, असें सांगणेंच होय.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त एंजिनियर आहेत. घरांत त्यांस सर्व नाना म्हणतात. त्यांनीं जांवयास पहिल्या दिवाळसणाला काठ्यांचा संपूर्ण संच दिला. जांवई सहा फूट तीन इंच उंच. संच सर्वसाधारण उंचीच्या माणसाचा. आणि दांडे ताठ, कारण 'तरुण माणसास ताठच शोभतात' असें दुकानदारानें सांगितलें. जांवई दोन वर्षें वांकून वांकून खेळला व कंबर धरून घरीं येऊं लागला. दर रविवारीं नाना फोनवर विचारीत, "काय जांवईबापू, काठ्या कशा आहेत?" आणि उत्तर येई, "उत्तम आहेत, नाना." स्वतःचा जुना संच, जो त्यास बरोबर बसत होता, तो सासऱ्यांस वाईट वाटूं नये म्हणून त्यानें केव्हांच विकून टाकला होता! शेवटीं मुलीनें ही गोष्ट आईच्या कानावर घातली, तेव्हां नानांनीं आपण होऊन जांवयास मापें घेणाऱ्याकडे नेलें. डोकीं तींच ठेवून दांडे बदलतां आले. खर्च मात्र दुसऱ्यांदा झाला.

याहून आमच्या मनास लागलेली हकीकत एका दहा वर्षांच्या मुलीची. थोरल्या भावाच्या काठ्या कापून, वर नव्या मुठी बसवून, त्या तिला दिल्या होत्या. वरच्याचें खालच्यास हा एकत्र कुटुंबांतला न्याय पुस्तकांस व स्वेटरांस लागू पडतो, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण दांडा कापला कीं तो अधिक ताठ होतो, आणि खालचें डोकें होतें तितकेंच जड राहतें. लोखंडी पहारीनें विटी टोलवावी तसा तो प्रकार. चेंडू गवतावरून सरपटत जाई. घरांत निष्कर्ष निघाला कीं, तिच्या हातांत जोर नाहीं, हा मुलग्यांचा खेळ. मुलीनेंही तें खरें मानलें व उद्यांपासून शिकावयास जात नाहीं, असें आजीस सांगितलें. आजीस ड्रायव्हर म्हणजे मोटार हांकणारा एवढेंच ठाऊक. पण जातें जड असेल तर दळणारीस बोल लावूं नये, इतकें तिला समजत होतें. ती सकाळीं नातीबरोबर मैदानावर आली व शिक्षकांस म्हणाली, "गुरुजी, काठी तर जड नाहीं ना, तेवढें पाहा." शिक्षकांनीं मुलीच्या उंचीच्या मापाची, मुलांसाठींच केलेली हलकी काठी आणून दिली. तिसऱ्या कीं चवथ्या फटक्यास चेंडू जो उचलला तो समोरच्या बाभळीवरून पलीकडे गेला. आम्ही तेव्हां तेथेंच उभे होतों. मुलगी चेंडूकडे पाहत नव्हती; आजीकडे पाहत होती.

मुलांच्या काठ्या उंचीच्या मापानें मिळतात व मूल वाढलें कीं दोनएक वर्षांत अपुऱ्या पडतात. म्हणून त्या वापरलेल्या, पण योग्य मापाच्या, घेण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. मोठ्या माणसास काठीच द्यावयाची असेल तर मापें घेण्याची फी व काठीच्या किमतीचा कांहीं भाग पाकिटांत घालून द्यावा. नवशिक्यास तर चांगल्या शिक्षकाच्या पांचसहा शिकवण्यांची फी ही कोणत्याही काठीहून मोलाची देणगी आहे.

न विचारतां निर्धास्तपणें देतां येईल अशी वस्तु म्हणजे चेंडू. कारण तो हरवतो. चेंडूचा इतिहास मोठा मौजेचा आहे. पूर्वीं स्कॉटलंडांत कातड्याच्या पिशवींत उकडलेलीं पिसें ठांसून तो करीत. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसांत तीनचारच होत, त्यामुळें तो फार महाग पडे. १८४८ च्या सुमारास गटापर्चा नांवाच्या मलाया देशांतील झाडाच्या चिकाचा चेंडू निघाला. तो नवा गुळगुळीत असतांना नीट उडत नसे, आणि मार खाऊन खरचटला कीं चांगला उडे! तेव्हां लोक नव्या चेंडूवर मुद्दाम ओरखडे पाडूं लागले. हल्लींच्या चेंडूवरील खळग्यांचें मूळ त्यांतच आहे. खळग्यांमुळें चेंडूच्या मागील हवेचा भोंवरा आंखडतो व हवेचा विरोध कमी होतो. वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नको व व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नको, एवढें बंधन पाळून कारखानदार नाना प्रकार काढतात. टायटलिस्टचा प्रो व्ही १ हा २००० सालीं आलेला चेंडू युरेथेनच्या मऊ आवरणाचा. हिरवळीवर पडल्यावर चटकन् थांबतो, पण किंमत भारी. कॅलवेच्या सुपरसॉफ्टचें आवरण आयोनोमरचें. तो तितका थांबत नाहीं, पण पुष्कळ स्वस्त. नवशिक्यास पहिला देणें म्हणजे तळ्यास नैवेद्य दाखविणें होय. त्यास दुसराच डझनभर द्यावा. मुरलेल्या खेळाडूची गोष्ट वेगळी. तो एकाच जातीच्या चेंडूस चिकटून असतो. तेव्हां हळूच त्याच्या पिशवींत डोकावून नांव टिपून घ्यावें. तळ्यांतून काढून धुतलेले चेंडू सरावास चांगले, भेटीस नव्हेत.

हातमोजाही झिजणारी वस्तु, म्हणून सुरक्षित. तो एकच मिळतो. उजव्या हातानें खेळणारा तो डाव्या हातांत घालतो. एकदां आमच्याच घरांत, दुसरा मोजा दुकानदारानें गिळला, असा गलका झाला होता! मेंढीच्या पातळ कातड्याचा मोजा बोटांस फार सुखाचा, पण मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत घामानें कडक होतो. तिकडच्यांसाठीं कृत्रिम कापडाचा घ्यावा. पावसाळी मोजे मात्र जोडीनें मिळतात व ओले झाले म्हणजे उलट अधिकच घट्ट पकडतात.

आतां कपडे. कॉलरचा सदरा, तो विजारींत खोंवलेला, आणि जीनची विजार नको, एवढा दंडक बहुतेक क्लबांत असतो. बाकीचें ज्या त्या क्लबाचें विचारून घ्यावें. हा आंखूड बाह्यांचा सदरा मूळचा टेनिसचा. रने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूनें तो १९२६ च्या सुमारास प्रचारांत आणला व गोल्फनें उचलला. त्या काळीं गोल्फचा थाट म्हणजे गुडघ्याखालीं चार इंच लोंबणारी 'प्लस फोर' नांवाची फुगीर विजार व लोंकरी मोजे. आम्ही जन्मभर सुती कापडाचे अभिमानी. पण चार तास उन्हांत चालावयाचें तर सुती सदरा घाम पितो आणि अंगास चिकटतो, हें डोळ्यांनीं पाहिलें आहे. पातळ पॉलिएस्टरचा घाम पसरवितो व लवकर वाळतो. मात्र त्यास वास फार धरतो. त्याच दिवशीं धुवावा लागतो, हें देतांना सांगून ठेवावें, नाहींतर धुणें वाळत घालणारीस त्रास. चिठ्ठीवर यू. पी. एफ. ५० असें असेल तर उन्हांतील अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच कापडांतून आंत येतो, असें समजावें. पुतण्याची पत्नीही खेळते. तिची तक्रार अशी कीं, स्त्रियांच्या कपड्यांस खिसे नांवालाच असतात. दोन चेंडू मावतात कीं नाहीं हें दुकानांतच घालून पाहावें. आम्हांस ही सूचना फार व्यवहारी वाटली. बूट मात्र खेळणारास बरोबर नेऊनच घ्यावेत. लोखंडी खिळ्यांची जागा १९९० नंतर प्लॅस्टिकच्या मऊ खिळ्यांनीं घेतली. बिनखिळ्यांचे बूट रस्त्यावरही चालतात, पण पावसाळी उतारावर घसरतात.

छत्री द्यावी तर मोठी, दुहेरी कापडाची व वारा निसटून जाण्यास वाट ठेवलेली. साधी छत्री मैदानावरील वाऱ्यांत कौलासारखी उलटते. पण विजा चमकूं लागल्या कीं उघड्या मैदानावर छत्री धरून उभें राहूं नये, झाडाखालींही नाहीं. सरळ इमारत गांठावी. अंतर मोजण्याचें लेसरचें यंत्र सधन घरानें द्यावें. २०१९ च्या नियमांपासून तें सामन्यांतही सर्वसाधारणपणें चालतें. पण चढउताराचा हिशेब दाखविणारी सोय सामन्यांत चालत नाहीं, म्हणून ती बंद करतां येते ना, तें पाहून घ्यावें.

लहान मुलांनीं आपल्या खाऊच्या पैशांतून द्यावें असें कांहीं हवें असेल तर लांकडी टी द्याव्यात. पूर्वीं ओल्या वाळूची ढिगुळी करून तिजवर चेंडू ठेवीत. बोस्टनचे दंतवैद्य डॉ. जॉर्ज ग्रँट यांनीं १८९९ सालीं लांकडी टीचें पेटंट घेतलें, पण विकली नाहीं. मित्रांस वाटीत बसले! तिचा धंदा १९२० नंतर विल्यम लॉवेल यांनीं केला, आणि तेही दंतवैद्यच. दांतांचा व टीचा संबंध काय, तो जाणत्यांनीं शोधावा. चेंडूनें हिरवळीवर पाडलेला खड्डा बुजविण्याचा छोटा कांटा, पाणी टिपणारा पंचा, याही स्वस्त पण रोज हातीं येणाऱ्या वस्तु. वाचनाची आवड असेल त्यास वुडहाउस यांच्या गोल्फविषयक गोष्टींचा १९२२ सालचा 'द क्लिकिंग ऑफ कथबर्ट' हा संग्रह द्यावा. तो न खेळणारीं माणसेंही पळवून वाचतात. चेंडूच्या आकाराचें घड्याळ, काठ्यांचीं चित्रें असलेला गळपट्टा आणि सोनेरी मुलाम्याची काठी या तीन्ही वस्तु आम्हीं अनेक घरांच्या कपाटांत पाहिल्या आहेत, मैदानावर एकदांही नाहीं.

खरेदी करतांना पावती मागून घ्यावी आणि वस्तूवरचें वेष्टण काढूं नये, म्हणजे बदलून मिळण्याची आशा राहते. नामांकित काठ्यांच्या हुबेहूब नकला सर्रास विकल्या जातात. निम्म्या किमतींत संच मिळतो आहे असें दिसलें तर तो घेऊंच नये. आणि दिवाळीचीच खरेदी असेल तर खेळणाराची पिशवी खांद्यावर घेऊन चार तास त्याच्यामागें चालणाऱ्या कॅडीसही विसरूं नये. आमच्या पुतण्याच्या आईनें गेल्या दिवाळींत दोन छत्र्या आणविल्या. एक मुलाला दिली व दुसरी त्याच्या कॅडीला.